गरज नसलेला व्हिसा, तोही खोटा

आमचे ३२,७५० रुपये गेले. सिंगापूरला नाही, इथं बेळगावात गेले. घेणारा आपल्याच गावचा, आपल्याच भाषेत गोड बोलणारा, आणि आजही उजळ माथ्यानं ऑफिस उघडून बसलाय. नाव लिहायला हात शिवशिवतोय, पण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि वकिलांनी मनाई केलीय. म्हणून नाव तेवढं सोडते, बाकी सगळं लिहिते. मुलाबाळांकडे परदेशी निघालेल्या आईबापांनी तरी वाचा.

मुलगा मेलबर्नला असतो. तिकिटं त्यानंच काढली. सांबऱ्याहून बेंगळूर, तिथून सिंगापूर, पुढं मेलबर्न. ऑस्ट्रेलियाचा व्हिसाही त्यानंच ऑनलाइन केला आणि तो चोख होता. सिंगापूरला १३ तास मुक्काम पडत होता. तेवढा वेळ खुर्चीत बसून काढायचा तर ह्यांच्या गुडघ्यांना ते झेपणार नव्हतं, आणि आयुष्यात एकदाच त्या वाटेनं जातोय तर मर्लायनचा पुतळा, लिटल इंडियातलं वीरमाकालिअम्मनचं देऊळ बघावं असं वाटलं, यात काय चुकलं? मुलगा नोकरीच्या गडबडीत. त्याला अजून किती कामाला लावायचं, म्हणून गावातल्या एजंटाकडे गेलो.

ऑफिसात शिवाजी महाराजांची मोठी तसबीर. बोलायला लागला तो सीमाप्रश्नापासून. ‘काकू, तुम्ही काय टेन्शन घेऊ नका की. माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही. बेंगळूरच्या एजंटाकडं गेला तर ते तुम्हाला लुटतील.’ इथं प्रत्येक कचेरीत कन्नडात मान खाली घालून काम करून घ्यावं लागतं. त्यामुळे कुणी मराठीत मायेनं बोललं की आपण सैलावतो. तो नेमका ह्यावरच जगतो.

त्यानं लावलेला हिशोब असा. व्हिसा माणशी ६,८०० प्रमाणे १३,६००. ‘प्रायव्हेट सिटी टूर’ माणशी ७,५०० प्रमाणे १५,०००. ‘अरायव्हल कार्ड’ माणशी १,२०० प्रमाणे २,४००. वर सर्व्हिस चार्ज १,७५०. पावती मागितली तर म्हणाला, जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल. पैसे फोनपेवर घेतले आणि समोर नाव आलं ते कुणा तिसऱ्याच बाईचं. विचारलं तर म्हणाला, मेव्हणीचं खातं, माझ्या खात्याची आजची लिमिट संपलीय. फर्मच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपयाही देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. व्हिसा त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवला. पीडीएफ नव्हे, फोटो. आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून आणली. दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर ठेवले, एकावर ह्यांचा फोटो, एकावर माझा. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, पासपोर्टचा नंबर बरोबर, हे सगळं मी बोट ठेवून वाचलं. वरच्या कोपऱ्यात व्हिसाचा नंबर होता. तो दोन्ही कागदांवर एकच होता. शेवटच्या अक्षरापर्यंत एकच! दोन माणसांना एकच व्हिसा नंबर कसा असेल? कागद माझ्या हातात होते, चष्मा डोळ्यावर होता, आणि मी त्यांना क्लिप लावून पासपोर्टच्या प्लास्टिक पिशवीत सरकवले. पण मी म्हणते, कोण बघतं ते? नवरा-बायकोचा एकत्र अर्ज, एकाच फाईलचा नंबर असेल असं कुणालाही वाटेल. आयुष्यात पहिल्यांदा तो कागद बघणाऱ्यानं ओळखायचं तरी कशावरून?

बेंगळूरला चेक-इन करताना कुणी तो कागद बघितलाही नाही, कारण आम्ही मेलबर्नचे प्रवासी. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरलो, यंत्रावर पासपोर्ट ठेवला, दार उघडलं नाही. काउंटरला पाठवलं. तिथल्या अधिकारी मुलीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही नंबरांवर दोन बोटं ठेवली आणि आमच्याकडे बघितलं. तेव्हा मला दिसलं.

मग आत एका खोलीत नेलं. आवाज चढवला नाही कुणी, हे सांगायलाच पाहिजे. पण प्रश्न तेच तेच. कागद कुठून आणला, पैसे किती दिले, कुणाला दिले. हे राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, उभ्या जन्मात कुणाचं पाच पैसे न खाल्लेले. त्यांचे हात थरथरत होते. बनावट कागद दाखवणं हा तिथं गुन्हा आहे. आत टाकलं असतं तर? शेवटी पुढचं तिकीट आणि ऑस्ट्रेलियाचा व्हिसा बघून, आमचं म्हणणं लिहून घेऊन आम्हाला परत ट्रान्झिटमध्ये सोडलं. शहरात प्रवेश नाकारला. कागद त्यांनीच ठेवून घेतले. उरलेले तास टर्मिनलच्या खुर्च्यांवर गेले. विमानतळाला जोडलेल्या ज्वेल मॉलमधला तो ४० मीटरचा धबधबा टर्मिनलांमधल्या गाडीच्या काचेतून जाताना दिसला तेवढाच, कारण ज्वेल इमिग्रेशनच्या पलीकडे आहे.

मेलबर्नला पोचल्यावर मुलानं लॅपटॉप उघडला आणि एकेक खरं बाहेर आलं. ऐका. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड फुकट असतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर आपणच भरायचं, आणि विमानतळातून बाहेर पडायचंच नसेल तर लागतही नाही. त्याचे आमचे २,४०० गेले. ‘प्रायव्हेट टूर’ म्हणजे विमानतळावरची फ्री सिंगापूर टूर, जी साडेपाच तासांपासून २४ तासांच्या आतला थांबा असलेल्या ट्रान्झिट प्रवाशांना एक डॉलरही न घेता मिळते. त्याचे १५,०००! आणि व्हिसा? सिंगापूरच्या व्हिसाची सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर आहे, आणि आम्हाला तोसुद्धा लागत नव्हता. भारतीय प्रवाशाकडे ऑस्ट्रेलिया, अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, जपान अशा ठरावीक देशांचा चालू व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असेल तर त्या देशाला जाता-येताना ९६ तासांपर्यंत बिनव्हिसा सिंगापुरात राहायची सवलत आहे. आत घ्यायचं की नाही ते अधिकारी ठरवतो, हे खरं. पण खोटा कागद खिशात नसता तर आम्ही मागितली असती ना ती सवलत! ज्याची गरज नव्हती ती वस्तू विकली, आणि तीही बनावट.

त्यानं व्हिसाचं खोटं करायला नको होतं. पैसे जास्त लावले असते तर एकवेळ गिळलं असतं. आता पुढं कुठल्याही देशाचा अर्ज भरताना ‘पूर्वी कधी प्रवेश नाकारला गेला का’ या रकान्यात आम्हाला ‘होय’ लिहावं लागणार. हा डाग कुठल्या एजंटाच्या खिशातून भरून निघणार?

मुलानं तिथूनच ईमेलवर तक्रार पाठवली होती, उत्तर नाही. परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, इतके दिवस काय करत होता? दुसरं, ‘सिंगापूरदल्लि आगिद्दु, इल्लि याक बंदीरि?’ म्हणजे सिंगापुरात झालं, तर इथं कशाला आलात? अहो, पैसे बेळगावात दिले, कागद बेळगावात बनला, एजंट बेळगावात बसलाय. तक्रार मराठीत लिहिलेली, ती हातातही घेईनात, कन्नडात लिहून आणा म्हणे. मला कन्नड बोलता येतं, लिहिताही येतं, लिहून दिलंसुद्धा. पण राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत माणूस कुठल्याही अधिकाऱ्यापुढं गाऱ्हाणं मांडू शकतो. ते कलम काय नुसतं छापायला आहे? कन्नडात दिल्यावर म्हणाले, ओरिजिनल व्हिसा कुठाय? तो सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी ठेवून घेतला म्हटलं तर मग पुरावा नाही म्हणे. व्हॉट्सॲपवरचा फोटो, फोनपेची नोंद, एजंटाचे आवाजी मेसेज, हे सगळं काय आहे मग? तिथून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, कारण ऑनलाइन पैसे गेले. दुसऱ्यानं परत पहिल्याकडे, कारण समोरासमोर व्यवहार झाला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. बँकेत गेलो. बँकेचं उत्तर एकच, पिन तुम्ही स्वतः टाकलाय.

आणि एका हवालदारानं तर सरळ एजंटालाच फोन लावून दिला, मिटवून घ्या म्हणून. एजंट म्हणाला, ५,००० देतो, तक्रार नाही असं लिहून द्या. ह्यांनी फोन कट केला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्यानं घ्यायलाच पाहिजे, हद्द कुठलीही असो. घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टानं वरिष्ठांना पाठवता येते. आम्ही रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोच जपून ठेवलीय. ठाण्यात काहीही दिलं तरी झेरॉक्सवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. शिक्का मारायला खळखळ करतात, तरी बसून राहा.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र कागद नीट घेतले. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी नाही. पूर्ण ३२,७५० आणि मनस्तापाची भरपाई मागितलीय. एजंटाचे मेसेज कुणीही पुसू नका, आमचा सगळा आधार त्यांच्यावरच आहे. व्हिसा मिळाला की त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तो स्वतः तपासा, आणि घरातल्या दोघांचे कागद असतील तर नंबर आधी बघा.

एजंटाचं ऑफिस सुरूच आहे. बाहेर मे महिन्याच्या सुट्टीतल्या सहलींचा नवा फलक लागलाय. त्याच्याकडून कुणी सिंगापूरचा व्हिसा घेतला असेल तर कागद घेऊन आयोगात या. आम्ही दोघं तारखेला तिथं असू.