चिव्हितावेक्किया बंदर ते रोम एअरपोर्ट: बॅगा डिकीत गेल्या की भाव बदलतो

क्रूझ संपवून इटलीत चिव्हितावेक्कियाला उतरणार असाल आणि त्याच दिवशी रोमहून परतीची फ्लाइट असेल तर हे वाचा, लांब आहे पण वाचा. आमचे बंदरावर 120 युरो ठरले आणि एअरपोर्टला 310 युरो गेले. पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त संताप याचा आहे की आई-बाबांना म्हणजे माझ्या सासूसासऱ्यांना, दोघंही सत्तरीच्या पुढचे, एअरपोर्टच्या दारात फुटपाथवर उभं राहून तो सगळा आरडाओरडा ऐकावा लागला. आणि ही काही एखाद्या ड्रायव्हरची लहर नव्हती, नीट बसवलेली पद्धत आहे, म्हणूनच सविस्तर लिहितेय.

आधी जागा समजून घ्या कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. क्रूझच्या तिकिटावर "रोम" लिहिलेलं असतं पण जहाज रोमला लागत नाही, ते लागतं चिव्हितावेक्कियाला, रोमपासून 70 किलोमीटरहून जास्त लांब. आणि रोमचा फ्युमिचिनो एअरपोर्टही शहरात नाही, तोही समुद्राच्या बाजूलाच आहे, त्यामुळे गाडीने गेलात तर ए12 मोटरवेने शहरात न शिरता साधारण तासाभरात पोचता. ट्रेनने मात्र रोमपर्यंत जाऊन, तिथे गाडी बदलून परत समुद्राकडे यावं लागतं. म्हणजे नकाशात दोन्ही जवळ दिसतात पण थेट ट्रेन नाही, आणि हातात सामान, सोबत म्हातारी माणसं, दुपारची फ्लाइट. अशी माणसं बंदराच्या दाराशी रोज सकाळी मिळतात हे तिथे गिऱ्हाईक शोधणाऱ्या ठगांना पक्कं माहीत आहे.

उतरायच्या आदल्या रात्री बॅगांना रंगीत टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या, सकाळी त्या टर्मिनलच्या हॉलमध्ये रंगाप्रमाणे लावलेल्या असतात, आपण शोधून घ्यायच्या आणि बाहेर पडायचं. जहाजावर आठवडाभर प्रत्येक गोष्ट कोणीतरी सांगायला असतं, इकडे जा, तिकडे थांबा, कार्ड दाखवा. टर्मिनलचं दार ओलांडलं की ते सगळं एका क्षणात संपतं आणि हजारो माणसं एकाच वेळी बाहेर येतात. अशा वेळी गळ्यात आयकार्ड आणि अंगात चमकणारं जाकीट घातलेला माणूस दिसला तर तो बंदराचाच वाटणार ना.

तसाच एक माणूस आमच्याकडे आला. हसतमुख, बऱ्यापैकी इंग्लिश, बाबांच्या हातातली बॅग अदबीने धरली, कुठे जायचंय विचारलं. नवरा म्हणाला शटल बसने बाहेर जाऊन ट्रेन पकडणार आहोत. त्यावर तो इतक्या काळजीच्या सुरात म्हणाला, "आज ट्रेनचा संप आहे सर, माहीत नाही का तुम्हाला? शटल पण उशिरा आहे, फ्लाइट कितीची?" फ्लाइटची वेळ सांगितली तसं त्याने घड्याळ बघून मान हलवली. मग म्हणाला काळजी करू नका, एअरपोर्टची गाडी आहे, फिक्स रेट, 120 युरो. नवऱ्याने दोनदा विचारलं, सगळं मिळून? चौघांचे? सामान धरून? तो म्हणाला हो हो, ऑल इन्क्लुडेड. मी पण विचारलं, तेच उत्तर.

संपाची गोष्ट खोटी होती, त्या दिवशी ट्रेन व्यवस्थित चालू होत्या, हे आम्हाला एअरपोर्टवर रांगेत आमच्याच जहाजावरचं एक जोडपं भेटलं तेव्हा कळलं, ते ट्रेननेच आले होते. पण ही थाप खपते कारण इटलीत रेल्वेचे संप खरोखर होतात, प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनीच ते वाचलेलं असतं. म्हणून हे लक्षात ठेवा की तिथे 1990 च्या 146 नंबरच्या कायद्याप्रमाणे अशा सेवांच्या संपाची निदान 10 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे संप असेल तर तो जहाजावर असतानाच फोनवर शोधून कळतो. आणि संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात लोकल ट्रेन सोडाव्याच लागतात. बंदरावर कोणी अचानक संपाची बातमी दिली तर ती त्याच्याकडून घेऊ नका, स्टेशनवर जाऊन बघा.

तर आमच्या बॅगा त्यानेच ढकलत नेल्या, बाहेर एक काळी व्हॅन उभी होती, कुठलाही बोर्ड नाही, मीटर नाही. आणि इथे दुसरी चाल आली. गाडी चालवणारा माणूस वेगळा. भाव सांगणारा हा, चालवणारा तो. ह्याने बॅगा डिकीत टाकल्या, त्याला इटालियनमध्ये दोन वाक्यं बोलला, आम्हाला नमस्कार केला आणि परत दाराकडे गेला, बहुतेक पुढचं कुटुंब शोधायला. त्या क्षणी यात काही वावगं वाटत नाही, मोठ्या ठिकाणी बुकिंग एक करतो आणि गाडी दुसरा चालवतो असं असतंच. पण सगळ्या फसवणुकीचा कणा तोच आहे, कारण तासाभराने ज्याच्याशी वाद घालायचा तो माणूस तुम्हाला कधी काही बोललेलाच नसतो.

रस्त्यात ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. एअरपोर्टला टर्मिनल 3 समोर गाडी थांबवली, उतरलो, तो मात्र डिकी उघडेना. आधी पैसे. नवऱ्याने 120 काढले तर तो हसला आणि मोबाईलवर आकडे टाइप करून दाखवले. 120 हे दोन माणसांचे. वरच्या दोघांचे 60 प्रमाणे 120. सहा बॅगांचे पाच पाच करून 30. मोटरवेचा टोल 40. एकूण 310. नवरा म्हणाला बंदरावर सगळं मिळून 120 ठरलेत. ड्रायव्हर म्हणाला कोणाशी ठरलं? मला माहीत नाही, तो माझा माणूस नाही. त्या माणसाचा नंबर आमच्याकडे नाही, नाव नाही, कागद नाही. तो टोल प्रत्यक्षात मोजक्या काही युरोंचा असतो हे मी नंतर तपासलं.

आम्ही लगेच दिले नाहीत, वाद घातला. मी पोलिसांना बोलावते म्हणाले तर तो म्हणाला बोलवा, मी थांबतो, तुमची फ्लाइट थांबेल का? असं सरळ तोंडावर. आवाज चढवला, हातवारे करायला लागला, आई घाबरून म्हणायला लागल्या, "देऊन टाक रे बाळा, आपल्याला जायचंय." बाबांची बीपीची औषधं त्या डिकीतल्या बॅगेत. आमच्याकडे 150 युरो कॅश उरली होती ती दिली. आधी फक्त कॅश म्हणणाऱ्या ड्रायव्हरने मग खिशातून कार्डचं मशीन काढलं, उरलेले 160 त्यावर. आणि मशीनवर युरो की रुपये असा पर्याय आला तो त्याने स्वतःच दाबला, रुपये. परदेशात मशीनने रुपयांचा आकडा दाखवला तर तो कधीच घेऊ नका, तिथल्या चलनात पैसे कापू द्या, कारण रुपयात करताना मशीनवाल्याचा रेट लागतो आणि तो तुमच्या बँकेच्या रेटपेक्षा महाग असतो. म्हणजे 160 च्या वरही आमचे गेले. पावती मागितली, म्हणाला मशीनमध्ये कागद नाही. डिकी उघडली, बॅगा रस्त्यावर ठेवल्या आणि गेला. मी मागून गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढला.

घरी आल्यावर बँकेत तक्रार केली. ह्या भागात बऱ्याच जणांची आशा असते म्हणून स्पष्ट सांगते. पिन टाकून तुम्ही स्वतः केलेला व्यवहार बँक "अनधिकृत" धरत नाही, त्यामुळे कार्ड चोरीला गेल्यावर जे संरक्षण मिळतं ते इथे लागू होत नाही. फक्त डिस्प्युट टाकता येतो, की ठरलेली रक्कम वेगळी होती. मग बँक विचारते ठरलेल्या रकमेचा पुरावा काय? मेसेज, मेल, बुकिंगचा कागद, काहीही. तोंडी ठरलेलं त्यांच्या दृष्टीने ठरलेलंच नाही. ठरलेला भाव गाडीत बसण्याआधी फोनवर टाइप करून समोरच्याला दाखवून त्याच्याच नंबरवर व्हॉट्सॲप केला असता तर तो पुरावा झाला असता. खरं तर तेवढं करायला लागलात तरी असे लोक काढता पाय घेतात, कारण नंबर द्यायचाच नसतो त्यांना.

आता खरी सोय काय आहे ते. बंदरातून जहाजांपासून लार्गो देल्ला पाचे नावाच्या जागेपर्यंत शटल बस असते, ती फुकट आहे. तिथे माहिती केंद्र आहे आणि तिथूनच पुढे रेल्वे स्टेशनला जाता येतं. सामान कमी असेल आणि पाय चांगले असतील तर चालतही जाता येतं, नाहीतर तिकीट काढून बस. स्टेशनवरून रोमकडे जाणारी लोकल ट्रेन पकडायची आणि रोममधल्या त्रास्तेवेरे स्टेशनला उतरायचं, तिथून एफएल1 ट्रेन थेट एअरपोर्टच्या आत जाते, तिचं तिकीट 8 युरो. लिओनार्दो एक्स्प्रेसची जाहिरात सगळीकडे दिसते, ती रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून एअरपोर्टला 32 मिनिटांत नेते आणि 14 युरो घेते, पण ती त्रास्तेवेरेला थांबत नाही, चिव्हितावेक्कियाहून येणाऱ्याला तिच्यासाठी उगाच पुढे तेर्मिनीपर्यंत जावं लागतं. कागदी तिकीट घेतलंत तर ट्रेनमध्ये चढण्याआधी प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. हे सगळं मिळून दोन तास धरा, बदलाबदलीचा वेळ धरून थोडे जास्तच. खर्च माणशी 15 युरोच्या आसपास. चौघांचे 60. आणि आम्ही 310 दिले.

म्हाताऱ्या माणसांना घेऊन ट्रेन नको वाटते हे मला मान्य आहे, आम्हालाही ती नकोशीच होती, म्हणून तर त्या माणसाचं बोलणं सोयीचं वाटलं. मग गाडीच करायची असेल तर इटलीत दोनच प्रकार कायदेशीर आहेत हे माहीत असू द्या, दोन्ही 1992 च्या 21 नंबरच्या कायद्यात येतात. एक टॅक्सी. पांढरी गाडी, छतावर टॅक्सीचा दिवा, दारावर पालिकेचं नाव आणि लायसन्स नंबर, आत मीटर, आणि ती स्टँडवर उभी असते. दुसरी ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी, तिच्यावर एनसीसी ही अक्षरं असतात, आणि ती आधी बुक करूनच घ्यायची असते, रस्त्यावर गिऱ्हाईक शोधायची तिला परवानगीच नाही. याचा सरळ अर्थ असा की टर्मिनलच्या दारात जो स्वतःहून तुमच्याकडे येतो आणि गाडी हवी का विचारतो तो या दोन्हींत बसत नाही, मग त्याचं आयकार्ड कितीही चकचकीत असो. स्टँडवरच्या टॅक्सीलाही बॅगा ठेवण्याआधी विचारा, मीटरने की ठरवून, ठरवून असेल तर आकडा गाडीचा की माणशी, सामान आणि टोल आत की वेगळा. ही विचारपूस जो गाडी चालवणार आहे त्याच्याशीच करा, दुसऱ्या कोणाशी नाही. आणि बॅगा हातात असताना करा. घरातल्या एकाने तेवढ्यात नंबर प्लेटचा आणि दारावरच्या लायसन्स नंबरचा फोटो काढायचा, उघडपणे, ड्रायव्हरला दिसेल असा. औषधं, पासपोर्ट, कॅश हे डिकीत नाहीच, मांडीवरच्या पिशवीत. आमची औषधं बॅगेत नसती तर मी तिथे पोलिस येईपर्यंत बसले असते.

आणि वाद झालाच तर 112 लावा, इटलीत एमर्जन्सीला हाच नंबर. एअरपोर्टच्या दाराशी पोलिस फिरत असतातच, ड्रायव्हरशी बोलत बसण्यापेक्षा एकाने सरळ त्यांच्याकडे चालत जायचं. वेळ हातात असेल तरच हे जमतं, म्हणून उतरायच्या दिवशीची फ्लाइट दुपारी उशिराची किंवा संध्याकाळचीच घ्या. जहाज सकाळी लागलं तरी बॅगा मिळून बाहेर पडेपर्यंत नऊ-साडेनऊ सहज होतात. दुपारी बाराची फ्लाइट स्वस्त दिसते पण त्या लोकांचा सगळा धंदा त्या बाराच्या फ्लाइटवर चालतो.

क्रूझवाल्यांची स्वतःची एअरपोर्ट बस असते, माणशी पैसे घेतात, गाडी ठरवण्यापेक्षा महाग पडू शकते म्हणून बरेच जण घेत नाहीत. ज्येष्ठ सोबत असतील तर मी आता तीच घ्या म्हणेन, बॅगा टर्मिनलपासून बसपर्यंत कोण नेणार आणि बस उशिरा झाली तर जबाबदार कोण हे ठरलेलं असतं. फक्त ती जहाजावरच्या काउंटरवर आधी नोंदवावी लागते, आमच्या जहाजावर आदल्या संध्याकाळपर्यंतच नोंदणी होती, उतरायच्या सकाळी विचारलं तर नाही म्हणाले.

व्हॅनचा फोटो आणि सगळी हकीकत बंदराच्या ऑफिसला आणि क्रूझवाल्यांना मेल केली आहे. क्रूझवाल्यांचं "खेद आहे, टर्मिनलच्या बाहेर आमची जबाबदारी नाही" असं उत्तर आलं. बंदराच्या ऑफिसकडून अजून काही नाही. बँकेचा डिस्प्युट चालू आहे, काही झालं तर सांगेन.