मदरबोर्ड गेला म्हणाला आणि रॅम काढून घेतली

सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारा 'अधिकृत सर्व्हिस सेंटर'चा नंबर, गळ्यात आयकार्ड घातलेला माणूस, आणि "इथे नाही होणार, वर्कशॉपला न्यावं लागेल". हा प्रकार तुम्हाला ठाऊक असेल. मलाही ठाऊक होता. तरी ७,१०० रुपये गेले, वर मशीनमधली रॅम, म्हणजे मेमरीची पट्टीही गेली.

ऐन पावसाळ्यात मुलुंडच्या आमच्या घरातला डेस्कटॉप सुरू होईना. बटण दाबलं की पंखा फिरायचा, आतून बीप-बीप, स्क्रीन काळी. मुलीचं प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर. त्या नंबरवर फोन केला, तो आयकार्डवाला आला, दोनदा बटण दाबलं आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला, काकू." कॅबिनेटचा एक स्क्रूसुद्धा काढला नव्हता! झाकण न उघडता आतला मुख्य सर्किट बोर्ड गेल्याचं कळतं कसं? प्रश्न अगदी ओठावर आला होता माझ्या. तो तेव्हाच विचारायला हवा होता, हे आठवलं की अजून जीव जळतो. आतल्या पार्टचे नंबर लिहून द्या म्हटलं, तर "काकू, विश्वास नाही का?" मुलगी रडकुंडीला आलेली असताना कुठली आई तिथे वाद घालत बसेल?

व्हिजिटचे ४००, बोर्डाचे ५,५००, 'विंडोज आणि अँटीव्हायरस'चे १,२००. पैसे यूपीआयने घेतले, तेही कुणा माणसाच्या नावावर. बिल म्हणजे जीएसटी नंबर नसलेला चिटोरा. आणि अँटीव्हायरसचे पैसे कशाला देता? विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस फुकट असतो.

त्याच्या वर्कशॉपमधून मशीन परत आलं ते रखडतच. भाच्याने कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यातल्या 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरी, म्हणजे रॅम, ४ जीबी! आमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. झाकण काढलं तर बोर्ड जुनाच, त्यावरची धूळही जुनीच. भाचा म्हणाला, पावसाळ्यात असे बीप आले की बहुतेक वेळा रॅमचाच कॉन्टॅक्ट गेलेला असतो. प्लग काढायचा, पट्टी काढून तिचे सोनेरी पिन साध्या खोडरबरने पुसायचे, 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवायची. खर्च शून्य. मशीन बाहेर देण्याआधी झाकण उघडून स्टिकरचे फोटो काढा, दुरुस्तीवाल्याच्या समोर काढा.

खरा संताप पोलीस ठाण्यातला. "मशीन तुम्हीच दिलं ना? मग चोरी कशी?" सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात, ही ऑनलाइन फसवणूक नाही, ठाण्यातच जा. विश्वासाने दिलेली वस्तू हडप करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे आणि फसवणुकीला कलम ३१८ आहे, हे मी, एका गृहिणीने, ड्युटीवरच्या साहेबांना सांगायचं? तर म्हणे, "मॅडम, एवढ्याशा रकमेसाठी?" एवढीशी तुम्हाला असेल! त्या रकमेत आमचा महिन्याचा किराणा येतो. नंबर आहे, यूपीआयचं नाव आहे, अजून काय हवं? शेवटी अर्जावर पोच म्हणून एक शिक्का मिळाला, बस. ग्राहक आयोगात, वस्तू-सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी लागत नाही, तेव्हा आता तिकडे जाणार आहे.

हार्ड डिस्क त्याच्या ताब्यात होती आणि ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड सेव्ह होता. मी सगळे पासवर्ड मोबाईलवरून बदलले. तुमचं मशीन कुणाकडे राहून आलं असेल तर आजच बदला, आणि त्या मशीनवरून बदलू नका.