लघवीच्या गळतीसाठी टेन्स मशिन : वापरानंतरचा अभिप्राय

सदाशिव पेठेतील एका सर्जिकल साहित्याच्या दुकानातून आम्ही धाकट्या भावासाठी टेन्स मशिन (कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून नसांना सौम्य विद्युतप्रवाह देणारे छोटे यंत्र) घेतले, ते पाठदुखीसाठी नव्हे, तर मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर लघवी काढण्यासाठी ठरावीक वेळाने घालाव्या लागणाऱ्या दोन कॅथेटरांच्या (नळ्यांच्या) मधल्या वेळात होणारी लघवीची गळती कमी व्हावी म्हणून. दुखापत छातीच्या दहाव्या मणक्यापाशी असल्याने त्याचे मूत्राशय सैल पडलेले नाही. उलट थोडे भरले तरी ते आपोआप आकुंचन पावते. पायातील टिबियल नस पाठीच्या कण्यातील ज्या सेक्रल मुळांशी (कण्याच्या खालच्या टोकाकडील नसांच्या मुळांशी) जोडलेली असते, त्यांतूनच मूत्राशयाचा कारभार चालतो, त्यामुळे घोट्याजवळ दिलेल्या सौम्य विद्युतप्रवाहाने या आकुंचनांना आवर बसू शकतो.

डॉक्टरांनी २० हर्ट्झ (सेकंदाला २० स्पंदने), २०० मायक्रोसेकंद (प्रत्येक स्पंदनाचा कालावधी) आणि रोज अर्धा तास असे लिहून दिले होते. दुकानदाराने आधी ठरावीक मोडचे स्वस्त मशिन पुढे केले. त्यात हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे लावताच येत नव्हते. आम्ही घेतलेल्या मशिनमध्ये ते लावता येतात, पडद्यावर दिसतात आणि बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही कायम राहतात.

एक पॅड आतल्या घोट्यामागे आणि दुसरे त्याच्या सुमारे १० सेंटिमीटर वर लावायचे. भावाला पायाची संवेदना नसल्याने ‘मुंग्या येईपर्यंत वाढवा’ ही माहितीपुस्तिकेतील सूचना निरुपयोगी ठरते. त्याऐवजी प्रवाह हळूहळू वाढवत पायाच्या अंगठ्याकडे पाहायचे, तो तळव्याकडे वळू लागला की नस सापडली असे समजायचे आणि प्रवाह किंचित कमी करायचा. पॅड काढल्यावर कातडी रोज तपासावी लागते, कारण चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही.

काही आठवड्यांनी गळती स्पष्टपणे कमी झाली. लघवीच्या नोंदवहीत दोन कॅथेटरांमधले कोरडे तास वाढलेले दिसतात. मूत्राशयाची आकुंचने कमी करणारी गोळी मात्र सुरूच आहे आणि कॅथेटरही. हे मशिन मूत्राशय रिकामे करत नाही. त्यासाठीचे ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रिंडली यांचे सेक्रल मुळांवर बसवायचे उपकरण वेगळे असून त्याला मोठी शस्त्रक्रिया लागते. ज्यांचे मूत्राशय मुळातच सैल आहे त्यांनी या मशिनवर पैसे घालवू नयेत, म्हणून खरेदीपूर्वी युरोडायनामिक तपासणी (मूत्राशय भरताना व रिकामे होताना त्यातील दाब मोजणारी तपासणी) करून घेणे श्रेयस्कर. पेसमेकर असलेल्यांनी हे मशिन वापरू नये, आणि दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असल्यास रक्तदाब अचानक चढू शकतो, त्यामुळे सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी.

सोबत मिळालेली पॅड फारच लवकर चिकटेनाशी झाली. कडेने सुटलेल्या पॅडखाली प्रवाह एका जागी एकवटतो, तेव्हा जादा संच मशिनबरोबरच घ्यावा आणि तारेची पिन त्यात नीट बसते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.