परतावा कशाने मोजायचा: सीएजीआर, एक्सआयआरआर की टाइम-वेटेड रिटर्न?

पोर्टफोलिओ 50 टक्के वर आहे, एवढ्यावरून फारसं काही कळत नाही. 1,00,000 चे 1,50,000 तीन वर्षांत झाले असतील तर वार्षिक चक्रवाढ दर, म्हणजे सीएजीआर, 14.5 टक्के येतो. त्याला सहा वर्षं लागली असतील तर जेमतेम 7. त्यामुळे निव्वळ टक्केवारी वर्षाच्या आतल्या गुंतवणुकीपुरतीच ठेवावी. तिथे चूक होते ती उलट्या बाजूने: महिन्यात 5 टक्के मिळाले की ते वार्षिक करून जवळपास 80 टक्के दाखवले जातात. तो वेग बारा महिने टिकेल, याला काहीच आधार नसतो.

पैसे एकदाच टाकले आणि मधे काही घातलं-काढलं नाही, तर सीएजीआर पुरतो. वर्षावर्षाच्या परताव्यांची सरासरी मात्र त्याच्या जागी चालत नाही. पहिल्या वर्षी 50 टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी 50 टक्के घट: सरासरी शून्य, पण 100 चे उरले 75. म्हणजे दरसाल उणे 13.4 टक्के.

बहुतेकांचे पैसे मात्र टप्प्याटप्प्याने जातात, आणि खरा पेच तिथेच आहे. समजा, 1,00,000 गुंतवले, पहिल्या वर्षी 20 टक्के वाढून 1,20,000 झाले. उत्साहाने आणखी 10,00,000 घातले. दुसऱ्या वर्षी 10 टक्के घसरण झाली आणि 11,20,000 चे 10,08,000 राहिले. टाइम-वेटेड रिटर्नमध्ये रक्कम किती होती हे न बघता प्रत्येक टप्प्याचा परतावा एकमेकांशी गुणतात: 1.20 गुणिले 0.90 म्हणजे 1.08, म्हणजेच दरसाल अधिक 3.9 टक्के. एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक रक्कम आणि तिची तारीख धरून येणारा वार्षिक दर, काढला तर उणे 7.7 टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला सांगतो शेअरची निवड कशी होती. दुसरा सांगतो तुमच्या पैशाचं काय झालं. 92,000 चा तोटा फक्त दुसऱ्यात दिसतो.

फंड व्यवस्थापकाला जोखायचं असेल तर टाइम-वेटेडच घ्यावा, कारण गुंतवणूकदार पैसे कधी आणतात हे त्याच्या हातात नसतं. स्वतःच्या पोर्टफोलिओसाठी आमचं मत एक्सआयआरआरच्या बाजूने आहे. पैसे कधी घालायचे हा निर्णयही तुमचाच असतो, त्याचा हिशोब सुटता कामा नये. शिवाय टाइम-वेटेडसाठी प्रत्येक भरण्याच्या आणि काढण्याच्या दिवशी पोर्टफोलिओची पूर्ण किंमत टिपलेली लागते. तेवढी नोंद घरी क्वचितच कोणी ठेवतं.

एक्सआयआरआरसाठी स्प्रेडशीटमध्ये दोनच रकाने लागतात: तारीख आणि रक्कम. खिशातून गेलेले पैसे उणे, परत आलेले अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि पोर्टफोलिओची आजची किंमत, अधिक चिन्हासह. ही ओळ विसरली आणि वर फक्त खरेदीच असली तर उत्तराऐवजी एरर येते. तारखा मजकूर म्हणून टाइप झाल्या असतील तरी गणित अडतं. खरी गफलत लाभांशात होते. तो बँकेत जमा होऊन खर्च झाला असेल तर त्या तारखेला अधिक नोंद करा. त्याच खात्यात राहून पुन्हा शेअरमध्ये गेला असेल तर वेगळी नोंद नको, कारण आजच्या किमतीत तो आलेलाच आहे. नाहीतर दोनदा मोजला जातो. बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) यांत पैसा हलत नाही, म्हणून त्यांचीही ओळ नसते. ब्रोकरेज खरेदीच्या रकमेत मिळवा, विक्रीतून वजा करा.

ॲपवरच्या ‘होल्डिंग्ज’च्या आकड्यावर विसंबू नका. तिथे सहसा हातात असलेलेच शेअर असतात. तोट्यात विकून टाकलेले त्या यादीतून गेलेले असतात, आणि उरलेली बाग हिरवीगार दिसते.

आता तुलना. तुमचा एक्सआयआरआर आणि निर्देशांकाचा सीएजीआर शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे. वरच्या उदाहरणात निर्देशांक आधी 15 टक्के वाढला आणि नंतर 5 टक्के पडला असं धरा. त्याचा सीएजीआर 4.5 टक्के, तुमचा एक्सआयआरआर उणे 7.7, फरक 12 टक्क्यांहून मोठा वाटतो. पण त्याच तारखांना तेच पैसे निर्देशांकात घातले असते तर 10,59,250 झाले असते आणि एक्सआयआरआर उणे 3.4 आला असता. खरी पिछाडी 4.3 टक्के, पैशांत 51,250. निर्देशांक टोटल रिटर्न प्रकारचा घ्या, ज्यात लाभांश धरलेला असतो. नुसत्या भावाच्या निर्देशांकाशी लाभांशासकटचा आपला परतावा ताडला तर आपण फुकटचे पुढे दिसतो.

एक्सआयआरआरच्या शेजारी आणखी एक आकडा लिहून ठेवा: शिखरापासूनची सर्वांत मोठी घसरण. ती काढताना भरलेल्या-काढलेल्या पैशांचा परिणाम वगळा, नाहीतर नवे पैसे घातल्याने घसरण झाकली जाते. 20 टक्के पडलेल्या पोर्टफोलिओला मूळ जागी यायला 25 टक्के वाढ लागते. 50 टक्के पडलेल्याला 100.