टिंगेलींची चाके आणि ट्रिम्पिन यांच्या गिटारी
ज्याँ टिंगेली या स्विस शिल्पकाराने १९७९ साली घडवलेल्या ‘मेटा-हार्मनी २’ मध्ये विजेच्या मोटारी पट्ट्यांनी लहानमोठी चाके फिरवतात आणि त्यांना जोडलेले दांडे वाद्यांवर आघात करतात. चाकांचे आकार व वेग जुळत नसल्यामुळे आघातांचा क्रम सतत बदलत राहतो, आणि यंत्राची खडखडही संगीताचाच भाग होते. सिअ‍ॅटलच्या पॉप संस्कृती संग्रहालयात २००० सालापासून उभ्या असलेल्या, ध्वनिशिल्पकार ट्रिम्पिन यांच्या ५०० हून अधिक वाद्यांच्या, बहुतांशी गिटारींच्या, मनोऱ्यात संगणक हा खरा वादक आहे: कोणती तार कधी छेडायची हे तो ठरवतो, मोटारी ते प्रत्यक्षात आणतात. त्यामुळे लिहिलेली रचना हुबेहूब पुन्हा वाजवता येते, जे टिंगेलींच्या यंत्राला शक्य नाही.

तरीही मला टिंगेलींचे शिल्प अधिक मोलाचे वाटते, कारण तिथे ध्वनीचे कारण डोळ्यांसमोर असते. ट्रिम्पिन यांच्याकडे निर्णय संगणकात दडलेला राहतो. मात्र ध्वनिमुद्रणाऐवजी खरी तार कंप पावते, हा त्यांचा आग्रह अत्यंत आदरणीय आहे. जतनाचे प्रश्नही वेगळे आहेत: एकीकडे झिजणारे लोखंड, तर दुसरीकडे त्यासोबत कालबाह्य होणारी संगणकप्रणालीही.