प्लेऑफच्या वाटेवर: कठीण वेळापत्रक बरे की सोपे?

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत सव्वाशेहून अधिक संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. एवढ्या सामन्यांत सगळे एकमेकांशी खेळणे अशक्य असल्यामुळे केवळ गुणतक्ता पाहून प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचे, संघ ठरवता येत नाहीत. कोण कोणाशी खेळला, कोणाला हरवले आणि कोणाकडून हरला, हे पाहून १३ सदस्यांची निवड समिती क्रमवारी लावते. आठ किंवा नऊ सामने कॉन्फरन्सच, म्हणजे संघ ज्या गटात खेळतो तो विद्यापीठांचा गटच, ठरवून देते. उरलेल्या तीन-चार सामन्यांचे करार विद्यापीठाचा क्रीडा विभाग स्वतः, बहुधा बरीच वर्षे आधी, करतो. त्या जागी तगडा प्रतिस्पर्धी घ्यावा की दुबळा, हा निर्णय ज्यांना घ्यायचा आहे, किंवा आपल्या विद्यापीठाचा निर्णय ज्यांना पारखायचा आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

प्लेऑफ चारवरून १२ संघांचा झाला तो २०२४ चा हंगाम यासाठी सर्वांत बोलका आहे. इंडियानाने कॉन्फरन्सबाहेर फ्लोरिडा इंटरनॅशनल, वेस्टर्न इलिनॉय आणि शार्लट हे तीन हलके प्रतिस्पर्धी घेतले, ओहायो स्टेटकडून ३८–१५ असा एकमेव पराभव पत्करला आणि ११–१ (११ विजय, १ पराभव) या कामगिरीवर प्लेऑफमध्ये दहावे मानांकन मिळवले. अलाबामाने जॉर्जियाला ४१–३४ असे हरवले होते, तरीही ९–३ वर तो संघ बाहेर राहिला. तेव्हा अलाबामाच्या बाजूने कठीण वेळापत्रकाचा दाखला दिला गेला. पण तो मला पुरेसा वाटत नाही. त्यांचे दोन पराभव व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमा यांच्याकडून झाले आणि या दोन्ही संघांनी नियमित हंगाम ६–६ असा संपवला. कठीण वेळापत्रकाचा खरा धोका मोठ्या सामन्यातल्या पराभवापेक्षा त्याच्या मागेपुढे येणाऱ्या मध्यम सामन्यात अधिक असतो, कारण दमलेला आणि दुखापतींनी खिळखिळा झालेला संघ तिथेच घसरतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्लेऑफच्या व्यवस्थापनाने समितीसाठी एक नवा निकष आणला. बलाढ्य संघाकडून झालेल्या पराभवाची झळ कमी बसावी आणि दुबळ्या संघावरील विजयाचे श्रेयही कमी मिळावे, असा त्याचा रोख होता. पहिल्याच हंगामात त्याची कसोटी टेक्सासच्या निमित्ताने लागली. ३० ऑगस्टला हा संघ कोलंबसला, म्हणजे गतविजेत्या ओहायो स्टेटच्या घरच्या मैदानावर, जाऊन त्यांच्याशी खेळला आणि १४–७ असा हरला. पुढे त्याने टेक्सास ए अँड एमला २७–१७ असे हरवले. पण फ्लोरिडा आणि जॉर्जियाकडून पराभव झाल्याने ९–३ वर त्याची गाडी अडली आणि समितीच्या अखेरच्या क्रमवारीत त्याला १३ वे स्थान मिळाले. फ्लोरिडाने तो हंगाम ४–८ असा संपवला, म्हणजे येथेही सर्वांत महागात पडला तो सामान्य संघाकडून झालेला पराभव. मात्र कोलंबसऐवजी घरच्या मैदानावर एखादा सोपा सामना ठेवला असता, तर १०–२ असलेल्या टेक्सासला वगळणे समितीला फार जड गेले असते, हेही मान्य करावे लागते. त्याच हंगामात इंडियानाने पुन्हा हलकेच बाहेरचे प्रतिस्पर्धी घेतले, ओरेगन आणि ओहायो स्टेट या कॉन्फरन्समधल्याच बलाढ्य संघांना हरवले आणि अखेरीस विजेतेपद पटकावले.

मोठ्या कॉन्फरन्सबाहेरील संघांचा हिशेब अगदी उलटा आहे. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा अपराजित राहूनही समितीच्या क्रमवारीत बाराव्या स्थानावर अडकला. त्याचा जॉर्जिया टेकविरुद्धचा सामना इर्मा चक्रीवादळामुळे रद्द झाला होता आणि मेरीलँडवरील विजयाखेरीज बाहेरच्या जगाला दाखवण्यासारखे त्याच्याकडे फारसे काही नव्हते. २०२१ मध्ये सिनसिनाटीने साउथ बेंडला, नोत्र दामच्या घरच्या मैदानावर, जाऊन त्या संघाला २४–१३ असे नमवले आणि तेवढ्या एका विजयाच्या बळावर चार संघांच्या प्लेऑफमध्ये जागा मिळवली. त्यांनी इंडियानालाही हरवले होते, पण हंगामापूर्वी चांगल्या मानल्या गेलेल्या त्या संघाने २–१० अशी मजल गाठल्याने त्या विजयाचे मोल उरले नाही. करार करताना तगडा वाटणारा प्रतिस्पर्धी सामन्याच्या वर्षी तगडा असेलच याची हमी कोणालाच देता येत नाही. आता अशा संघांना कॉन्फरन्स जिंकून थेट प्रवेशाची संधी आहे, त्यामुळे मोठ्या सामन्यातला पराभवही पचतो: २०२४ मध्ये बॉइझी स्टेट ओरेगनला त्यांच्याच मैदानावर ३७–३४ अशी झुंज देऊन हरला, तरीही त्याला तिसरे मानांकन मिळाले. या संघांनी दरवर्षी एक मोठा परदौरा निःशंकपणे स्वीकारावा, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत अवघड स्थिती नोत्र दामची आहे. त्याला कॉन्फरन्सच नसल्यामुळे कॉन्फरन्सचे विजेतेपद नाही, म्हणून सगळा भार वेळापत्रकावर पडतो. २०२५ मध्ये पहिल्या दोन सामन्यांत मायामीकडून २७–२४ आणि टेक्सास ए अँड एमकडून ४१–४० असा पराभव झाल्यावर पुढचे दहाही सामने जिंकून तो संघ बाहेरच राहिला. तेवढीच १०–२ कामगिरी असलेला मायामी मात्र आत गेला. नोत्र दामच्या दोन्ही पराभवांतला एकूण फरक चार गुणांचा होता. अशा संघाने दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी लागोपाठ घेऊ नयेत; त्यांच्यामध्ये किमान दोन-तीन आठवडे मोकळे ठेवावेत.

अलाबामा, जॉर्जिया, टेक्सास ज्यात आहेत त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या संघांपुढे निवडीला वावच कमी उरला आहे. २०२६ पासून तेथे नऊ अंतर्गत सामने आणि शिवाय बाहेरच्या मोठ्या कॉन्फरन्समधील किंवा नोत्र दामसारख्या संघाशी एक सामना बंधनकारक आहे. उरतात फक्त दोन सामने, आणि ते दोन्ही सोपे आणि घरच्या मैदानावर घ्यावेत.