'नोटो'ची ऑनलाइन अवयवदान नोंदणी: ओटीपी चोख, सह्यांचं काय?

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था, म्हणजेच 'नोटो', हिच्या संकेतस्थळावर आधारच्या साहाय्याने अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदवण्याची सोय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. आधार क्रमांक द्यायचा, ओटीपी भरायचा, रक्तगट, पत्ता आणि तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा ते लिहायचं, अवयव-ऊती निवडायच्या आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. शुल्क नाही. गाडी अडते ती बहुधा ओटीपीपाशी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या, मगच बसा.

निवडीच्या पानावर घाई नको. हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड आणि आतडी हे अवयव मुख्यतः अतिदक्षता विभागात मेंदूमृत (मेंदूचं काम कायमचं थांबलेला, पण यंत्रांच्या आधारे हृदय चालू असलेला) घोषित झालेल्या रुग्णाकडूनच मिळतात. घरी हृदय बंद पडून मृत्यू आला तर नेत्रपटल आणि त्वचा यांसारख्या ऊतीच देता येतात. म्हणून नुसत्या अवयवांवर खूण करून ऊती मोकळ्या सोडू नका. प्रत्यक्षात उपयोगी पडण्याची शक्यता त्यांचीच जास्त.

या सोयीच्या तांत्रिक बाजूला पाचपैकी साडेचार गुण. कायद्याच्या बाजूला मात्र तीनच, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

आरोग्य हा राज्यांचा विषय. त्यामुळे १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने राज्यांच्या ठरावांच्या आधारे केला. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. बाकीची राज्यं आपापल्या सवडीने आली. आंध्र प्रदेशाने तर स्वतःचा कायदा केला. ऊतींचा समावेश २०११ च्या दुरुस्तीने झाला आणि सध्याचे नियम २०१४ चे आहेत. या कायद्याच्या कलम ३ नुसार दात्याने हयातीत दिलेली संमती लेखी हवी, दोन किंवा अधिक साक्षीदारांसमोर हवी, आणि त्यांपैकी किमान एक जवळचा नातेवाईक हवा. नियमांतला नमुना ७ याच कामाचा. ओटीपीने तुमची ओळख पटते, साक्षीदारांच्या सह्या त्यातून होत नाहीत. वाहन परवान्याच्या अर्जात अवयवदानाच्या रकान्यावर केलेल्या खुणेचंही तेच.

उपाय सोपा आहे. ऑनलाइन नोंदणी कराच, पण नमुना ७ छापून दोन प्रतींवर सह्या घ्या. एक साक्षीदार पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई-वडील किंवा भावंडांपैकी. आजी-आजोबा आणि नातवंडंही आता जवळच्या नातेवाइकांत मोडतात. मेहुणा, सून, चुलतभाऊ नाहीत, आणि चूक नेमकी इथेच होते. अर्जदार १८ वर्षांचा पूर्ण हवा. लहान मूल मेंदूमृत झालं तर आई किंवा वडील नमुना ९ वर संमती देतात.

एवढं करूनही शेवटचा शब्द घरच्यांचाच असतो. कायद्याप्रमाणे मृतदेहाचा ताबा असलेल्याने दात्याच्या लेखी इच्छेला वाट करून द्यायची, पण प्रत्यक्षात रुग्णालय नमुना ८ वर नातेवाइकांची सही घेतल्याशिवाय पुढे जात नाही. चार भावंडांतलं एक अडून बसलं तरी रुग्णालयाचा प्रत्यारोपण समन्वयक थांबतो. त्यामुळे प्रमाणपत्राचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणं हे फाइलमध्ये जपून ठेवण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

मेंदूमृत्यूबद्दल धास्ती खूप असते. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतं आणि नमुना १० वर सह्या करतं. नुसत्या कोमातल्या रुग्णाला हे लागू नाही. अपघाताची केस असेल तर पोलिस आणि शवविच्छेदनाची परवानगी मध्ये येते, वेळ तिथेच जातो. अवयव काढण्याचा आणि तोवर शरीर सांभाळण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. मेंदूमृत्यू जाहीर झाल्यानंतर त्या खर्चाचं बिल आलं तर भरू नका, समन्वयकाला गाठा.

देहदान ही वेगळी गोष्ट आहे आणि हा घोळ फार दिसतो. महाराष्ट्रात ते १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली येतं आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो. नोटोच्या नोंदणीने देहदान होत नाही. शवविच्छेदन झालेला किंवा अवयव काढलेला देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत; नेत्रदान केलेलं असलं तरी मात्र चालतं.

नेत्रदान आणि त्वचादान दोन्ही मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर थोडं उंच करा आणि नेत्रपेढीला फोन लावा; पथक घरी येतं. मृत्यूच्या दाखल्याची प्रत तयार ठेवली की त्यांचा वेळ वाचतो. मधुमेह, चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांमुळे नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, रेबीज, कावीळ ब आणि क असेल तर अडतं.

महाराष्ट्रात अवयव वाटपाचं काम मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या पाहतात, आणि पश्चिम विभागाचं रोटो-सोटो केंद्र, म्हणजे नोटोची विभागीय आणि राज्य पातळीवरची संस्था, मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. आपल्या विभागाच्या समितीचा नंबर नमुना ७ च्या मागे पेनाने लिहून ठेवा. नोटोचा निःशुल्क क्रमांक १८०० ११ ४७७० चोवीस तास चालू असतो. मन बदललं तर त्याच संकेतस्थळावर प्रतिज्ञा मागे घेता येते, पण मग सह्या केलेल्या कागदी प्रतीही फाडा आणि साक्षीदारांना तसं कळवा.